तीन दिवसांत तीन नोबेल, आणि तिन्हींचं काम एका एमआरआयमध्ये

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमहून लागोपाठ तीन दिवस नोबेलच्या घोषणा झाल्या. ६ तारखेला वैद्यकशास्त्राचं नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना, एमआरआयसाठी. ७ ला भौतिकशास्त्राचं अलेक्सेई अब्रिकोसोव, विताली गिंझबर्ग आणि अँथनी लेगेट यांना, अतिवाहकता (वीज रोधाविना वाहणं) आणि अतिद्रवता (द्रव घर्षणाविना वाहणं) यांच्या सिद्धांतासाठी. ८ ला रसायनशास्त्राचं पीटर आग्री आणि रॉडरिक मॅकिनन यांना, पेशीच्या आवरणातून पाणी आणि क्षार कोणत्या वाटांनी ये-जा करतात ते शोधल्याबद्दल. अशा बातम्या तीन वेगळ्या चौकटींत छापल्या जातात आणि आपणही त्या वेगवेगळ्याच वाचतो.

पण पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं, की या तिन्ही नोबेलांचा संबंध एकाच टेबलावर येतो. यंत्राचा चुंबक अब्रिकोसोव यांच्या गणितावर उभा आहे, चित्र लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांच्या युक्तीनं उमटतं, आणि चित्रात जे दिसतं ते आग्री-मॅकिनन यांच्या वाटांनी पेशीत शिरलेलं पाणी असतं. गंमत म्हणजे या सात जणांपैकी कुणीही दुसऱ्याची सोय व्हावी म्हणून काही शोधलं नव्हतं.

आधी यंत्रात होतं काय ते पाहू. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. "पुन्हा पुन्हा एमआरआय काढला तर रेडिएशन होईल ना?" हा प्रश्न सीटी स्कॅनबद्दल विचारणं ठीक, इथे तो लागू नाही. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. हा प्रोटॉन अगदी चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. एरवी हे सगळे चुंबक हव्या त्या दिशेला तोंड करून असतात. त्यांना जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की क्षेत्राच्या दिशेला तोंड केलेले थोडेसे जास्त आणि उलट दिशेचे थोडेसे कमी, असा फरक पडतो. किती जास्त? नेहमीच्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचा जोर मोजायचं माप) यंत्रात दहा लाखांमागे जेमतेम चार-पाच. सगळं चित्र या चार-पाचांच्या जिवावर उभं राहतं.

त्या क्षेत्रात प्रोटॉन ठरावीक वेगानं डुलत फिरतात. १.५ टेस्लाला हा वेग सेकंदाला सुमारे ६.४ कोटी फेरे, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ. आपलं एफएम रेडिओ ८८ पासून सुरू होतं, त्याच्या जरा खालीच. नेमक्या त्याच कंपनसंख्येच्या रेडिओलहरी शरीरात सोडल्या की प्रोटॉन त्या झेलतात, आणि लहर बंद केली की तसाच क्षीण संदेश परत देतात. इथवरचं १९४६ मध्येच फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळं दाखवलं होतं आणि १९५२ चं नोबेलही मिळवलं होतं. रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळीतले रेणू ओळखायला हे तंत्र रोज वापरत होते.

अडचण एवढीच, की संदेश येतो पण तो कुठून येतो ते कळत नाही. डोक्यातून आला की मानेतून? प्रोटॉन सगळे सारखे, सूर सगळ्यांचा एक. १९७१ साली लॉटरबर यांना अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या एका हॅम्बर्गरच्या हॉटेलात खाताना उत्तर सुचलं. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवण्यासाठी तोवर सगळ्यांचा आटापिटा चालायचा. लॉटरबर म्हणाले, ते मुद्दाम थोडं असमान करू. एका टोकाला किंचित कमी, दुसऱ्या टोकाला किंचित जास्त. म्हणजे पेटीच्या पट्ट्यांसारखं होतं: डावीकडचा प्रोटॉन खालच्या सुरात वाजतो, उजवीकडचा वरच्या, आणि सूर ऐकून जागा सांगता येते. ही असमानता वेगवेगळ्या दिशांनी लावून मिळालेली माहिती गणितानं जोडली की चित्र तयार. त्यांचं पहिलं चित्र होतं पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. हा शोधनिबंध 'नेचर' नियतकालिकानं आधी नाकारला होता. लॉटरबर यांनी पाठपुरावा केल्यावर १९७३ मध्ये तो छापून आला.

मॅन्सफिल्ड इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, छापखान्यात उमेदवारी केलेली, मग पुन्हा शिकून भौतिकशास्त्रात आलेले. त्यांनी संदेशाचं चित्रात रूपांतर करण्याचं गणित पक्कं केलं आणि १९७७ मध्ये एक अतिवेगवान पद्धत सुचवली. तिनं एक पूर्ण चित्र सेकंदाच्या लहानशा भागात घेता येतं. पक्षाघाताच्या तपासणीत तिचं काय काम आहे ते पुढे येईलच. एमआरआय चालू असताना जी कानठळ्या बसवणारी ठकठक ऐकू येते ती या असमान क्षेत्रासाठीच्या तारेच्या गुंडाळ्यांची. त्यांतला प्रवाह झटपट बदलतो, त्या मुख्य चुंबकाच्या क्षेत्रात असल्यानं दर वेळी हिसका खातात आणि थरथरतात. पद्धत जितकी वेगवान, तितका कल्ला जास्त.

या नोबेलला वादाची फोडणीही होती. रेमंड डमेडियन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं, की गाठीतल्या पाण्याचे संदेश निरोगी पेशींपेक्षा वेगळे येतात. १९७७ मध्ये त्यांनी माणसाच्या छातीचं पहिलं चित्रही घेतलं. नोबेलमधून नाव वगळल्यावर त्यांनी मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदवला. मला विचाराल तर चित्र काढण्याची पद्धत लॉटरबर यांचीच, पण रोग ओळखायला हे तंत्र वापरता येईल हे आधी म्हटलं डमेडियन यांनी. पुरस्कारात तिसऱ्या नावाला जागाही होती.

आता चुंबकाकडे वळू. दहा लाखांत चार-पाच एवढाच फरक असेल तर चुंबक जबर हवा. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट, आणि तेही माणूस मावेल एवढ्या पोकळीत. तांब्याच्या तारेत वीज खेळवून असं क्षेत्र करायला गेलं तर तार इतकी तापते, की विजेचं बिल आणि थंड करायचं पाणी यांतच रुग्णालय बुडावं. जिला विजेचा रोधच नाही अशी तार हवी.

अशी वस्तू १९११ पासून माहीत होती. नेदरलँड्समधल्या लायडनला हायके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केलं. तीन वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेत पारा उणे २६९ अंशांच्या आसपास नेल्यावर त्याचा रोध एकदम नाहीसा झाला. ओनेस यांना लगेच प्रचंड चुंबकाची स्वप्नं पडू लागली. पण शिशाची गुंडाळी करून पाहिली तर काहीशे गॉसलाच अतिवाहकता मोडली. १.५ टेस्ला म्हणजे १५,००० गॉस. बहुतेक शुद्ध धातूंचा स्वभावच तसा: चुंबकीय क्षेत्र आत येऊ द्यायचं नाही, आणि फारच जोर झाला तर अतिवाहकताच सोडून द्यायची. पन्नास वर्षं अतिवाहकता ही प्रयोगशाळेतली नवलाई राहिली ती यामुळे.

काही मिश्रधातू मात्र असे वागत नव्हते. युक्रेनमधल्या खारकिव्हमध्ये लेव शुबनिकोव यांनी १९३० च्या दशकात शिशाच्या मिश्रधातूंवर प्रयोग करून दाखवलं, की त्यांच्यात क्षेत्र हळूहळू आत शिरतं आणि तरी अतिवाहकता टिकते. शुबनिकोव यांना १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात गोळी घातली गेली. त्यांच्या नोंदींचा अर्थ लागायला वीस वर्षं गेली.

तो अर्थ लावला अब्रिकोसोव यांनी. १९५० मध्ये गिंझबर्ग आणि लेव लान्दाउ यांनी अतिवाहकांसाठी एक समीकरण मांडलं होतं. तरुण अब्रिकोसोव लान्दाउंचेच शिष्य. समीकरणातली एक संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर काय होतं, हे ते पाहत होते. गणितातून निघालं ते चमत्कारिक होतं. अशा पदार्थात चुंबकीय क्षेत्र बारीक बारीक धाग्यांनी आरपार जातं. प्रत्येक धाग्याभोवती विजेचा भोवरा फिरतो, धाग्याच्या गाभ्यात अतिवाहकता नसते, पण मधल्या जागेत ती शाबूत राहते. आणि हे भोवरे नीट जाळी करून बसतात. लान्दाउंना हे पटलं नाही. अब्रिकोसोव यांनी कागद बाजूला ठेवले. पुढे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी फिरत्या द्रव हेलियममध्ये अशाच भोवऱ्यांची कल्पना मांडली, तेव्हा कुठे धीर आला आणि १९५७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. गुरूला पटलं नाही म्हणून चांगलं काम पडून राहण्याची ही पहिली वेळ नाही आणि शेवटचीही नसणार.

त्या निबंधात अब्रिकोसोव यांनी जाळीचा आकार चौकोनी काढला होता. नंतर इतरांनी हिशेब तपासला तेव्हा त्रिकोणी निघाला, आणि बहुतेक पदार्थांत तोच दिसला. पण १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना, अतिवाहकता सापडली. या कुळातल्या स्फटिकांत पुढे चौकोनी जाळ्याही पाहायला मिळाल्या.

भोवऱ्यांची खरी भानगड पुढे आहे. तारेतून वीज वाहू लागली की ती भोवऱ्यांना ढकलते. भोवरे सरकले की ऊर्जा वाया जाते, म्हणजे रोध मागच्या दारानं परत येतो. उपाय काय? भोवरे जागच्या जागी अडकले पाहिजेत. आणि त्यांना अडकायला लागतात धातूतले दोष: चुकीच्या जागचे अणू, स्फटिकांच्या सांध्यातल्या फटी, दुसऱ्या संयुगाचे कण. म्हणून एमआरआयची तार करताना नायोबियम आणि टायटॅनियमचा मिश्रधातू तांब्यात घालून ओढ ओढ ओढतात, मधूनमधून तापवतात, आणि तो आतून मुद्दाम ओबडधोबड करतात. इतर ठिकाणी शुद्धतेसाठी पैसे मोजावे लागतात, इथे नेमकी घाण करायला. आजच्या बहुतेक एमआरआयमध्ये हीच तार आहे, आणि ती द्रव हेलियमच्या थंडाव्यात ठेवलेली असते.

एकदा प्रवाह भरला की गुंडाळीची दोन टोकं अतिवाहक जोडानं जोडून टाकतात आणि बाहेरची वीज काढून घेतात. मग शेकडो अँपिअरचा प्रवाह वर्षानुवर्षं आपला फिरत राहतो. त्यामुळेच एमआरआयचा चुंबक रात्री 'बंद' होत नाही. लाइट गेली तरी तो चालूच. दारावरचा कर्मचारी पिना, किल्ल्या, मोबाइल, मंगळसूत्र, जोडवी सगळं काढायला लावतो ते उगीच नाही. सोनं-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही हे खरं, पण दागिन्यात दुसरा धातू किती आहे हे बघून कळत नाही, रेडिओलहरींनी धातू तापू शकतो आणि चित्र बिघडतं ते वेगळंच. खरा धोका लोखंडाचा. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला तरुण सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. चुंबक ताबडतोब बंद करायचा तर हेलियम उकळवून उडवून द्यावं लागतं. द्रवाचा वायू होताना तो सुमारे ७०० पट जागा घेतो, म्हणून छतातून बाहेर जाणारा जाडजूड पाइप बहुतेक खोल्यांना असतो.

लेगेट यांचं काम या तारेशी थेट संबंधित नाही. त्यांनी हेलियम-३ या हेलियमच्या हलक्या प्रकाराच्या अतिद्रवतेचं कोडं सोडवलं. पण त्या कोड्याचा धागा त्यांना सापडला तो केंद्रकांच्या चुंबकीय संदेशांतूनच, म्हणजे एमआरआयचं जे मूळ तंत्र त्यातूनच. आणि लेगेट नि लॉटरबर दोघेही तेव्हा इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन इथल्या आवारात होते. एका विद्यापीठात एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या विषयांत दोन नोबेल!

आता पाणी. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून पाणी सहज जात नाही. तरी तांबड्या पेशी आणि मूत्रपिंडाच्या पेशी पाणी इतक्या झपाट्यानं आत-बाहेर करतात की कुठेतरी खास वाट असणार, असा संशय शंभर वर्षांपासून होता. वाट सापडली अपघातानं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर आग्री रक्तगटाच्या आरएच प्रथिनाच्या मागे होते. त्यांच्या नमुन्यात दर वेळी एक नको असलेलं छोटं प्रथिन यायचं. कचरा म्हणून टाकण्याऐवजी त्यांनी त्याची चौकशी केली. तेच तांबड्या पेशीत आणि मूत्रपिंडात भरपूर निघालं. मग बेडकाच्या अंड्यांवर प्रयोग केला. बेडकाची अंडी पाण्यात पडूनही फुगत नाहीत. आग्री यांच्या गटानं काही अंड्यांत हे प्रथिन बनवण्याचा निरोप टोचला आणि अंडी कमी क्षाराच्या पाण्यात ठेवली. टोचलेली अंडी बघता बघता फुगली आणि फुटली, न टोचलेली जशीच्या तशी. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रथिनाला नाव मिळालं ॲक्वापोरिन. अशा एका वाटेतून पाण्याचे रेणू एकामागोमाग एक, सेकंदाला सुमारे ३०० कोटी जातात, आणि सुटा प्रोटॉन मात्र जाऊ शकत नाही. तो गेला असता तर पेशीचा आम्लतेचा तोलच ढळला असता. आपली मूत्रपिंडं दिवसाला १७० लिटरच्या वर पाणी गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं परत आणण्याच्या कामात ॲक्वापोरिनांचा मोठा वाटा असतो.

क्षारांच्या वाटेचं कोडं याहून चक्रावणारं होतं. पोटॅशियमच्या वाटेतून पोटॅशियम धडाधड जातं, पण त्याच्याहून आकारानं लहान असलेलं सोडियम अडतं. दहा हजारांत एखादंच निसटतं. मोठा जातो आणि छोटा अडकतो, हे कसं? मॅकिनन मूळचे डॉक्टर. चाळिशीच्या उंबरठ्यावर क्ष-किरणांनी स्फटिक वाचायला शिकले आणि १९९८ मध्ये एका जिवाणूतल्या वाटेचा अणूंपर्यंतचा नकाशा काढला. उत्तर असं: पाण्यात क्षाराच्या प्रत्येक आयनाभोवती (विद्युतभारित अणूभोवती) पाण्यातल्या ऑक्सिजनचं कडं असतं. अरुंद वाटेत शिरायचं तर ते सोडावं लागतं. वाटेच्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू नेमके त्याच अंतरावर बसवलेले आहेत, जेवढं पोटॅशियमला लागतं. त्याला पाणी सोडण्यात काहीच तोटा नाही. सोडियम लहान असल्यानं भिंतीपर्यंत त्याचा हात पोचत नाही, म्हणून ते आपलं पाणी सोडायला तयार होत नाही आणि बाहेरच राहतं.

आता पक्षाघाताच्या रुग्णाकडे येऊ. मेंदूची एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. पलीकडच्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा पंप सतत ऊर्जा खातो. तो काही मिनिटांत थांबतो. पोटॅशियम गळतं, सोडियम आत साचतं, आणि मिठामागे पाणी धावतं हा तर स्वयंपाकघरातलाच नियम. पेशी फुगतात. मेंदूतल्या आधारपेशींच्या आवरणात ॲक्वापोरिन-४ गच्च भरलेलं असतं, त्यातून पाणी आत घुसतं.

या घडीला मेंदूच्या त्या भागात पाणी फारसं वाढलेलं नसतं. फक्त पेशींमधल्या मोकळ्या जागेतलं पाणी पेशींच्या आत गेलेलं असतं. सीटी स्कॅन या पहिल्या तासांत बऱ्याचदा स्वच्छ दिसतो. एमआरआयला मात्र पाण्याची हालचाल मोजता येते. असमान क्षेत्राचा एक झटका देऊन प्रोटॉनांवर जागेची खूण करायची आणि क्षणभरानं उलटा झटका देऊन ती पुसायची. जे पाणी दरम्यान हललं त्याची खूण नीट पुसली जात नाही आणि त्याचा संदेश विरतो. जे कोंडलं गेलं त्याचा संदेश टिकतो, तो भाग पांढरा झळकतो. फुगलेल्या पेशींमुळे पाणी कोंडलेलं असतं, म्हणून पक्षाघाताचा भाग मिनिटांत उजळतो. रुग्ण जरा हलला तरी हे मोजमाप फिसकटतं, म्हणून ते घ्यायला मॅन्सफिल्ड यांची वेगवान पद्धतच सहसा वापरतात.

हा शोध ऐकून वाटेल की ॲक्वापोरिन-४ बंद करणारं औषध दिलं की मेंदूची सूज थांबेल. उंदरांवर तसं दिसलंही: २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूला पक्षाघातानंतर कमी सूज आली. पण पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की गळक्या रक्तवाहिन्यांतून झालेली सूज उतरायला याच वाटा लागतात. तीच वाट आत आणते आणि बाहेरही नेते. त्यामुळे ती कधी बंद करायची हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

आपल्याकडे पक्षाघाताच्या रुग्णाचा बहुधा आधी सीटीच काढतात आणि ते बरोबरच आहे. रक्तस्राव आहे का ते चटकन कळतं, आणि नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध सुरू करता येतं. ते सहसा लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. पंचाईत होते ती झोपेतून उठल्यावर हात लुळा पडलेला आढळला तर. झटका रात्री अकराला आला की पहाटे पाचला, कुणाला ठाऊक? इथे एमआरआयची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहतात. एक कोंडलेल्या पाण्याचं, जे मिनिटांत बदलतं. दुसरं त्या भागात रक्तातून नव्यानं आलेल्या एकूण पाण्याचं, जे पांढरं व्हायला काही तास लागतात. पहिल्यात डाग आहे आणि दुसऱ्यात नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत याच खुणेवरून निवडलेल्या रुग्णांना ते औषध दिलं गेलं, आणि न दिलेल्यांपेक्षा त्यांच्यातले जास्त जण नंतर आपापली कामं करण्याइतके बरे झाले. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका त्यांच्यातही होताच, म्हणून औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर अजूनही रुग्ण पाहूनच ठरवतात.